चिक चॉकलेट

चिक चॉकलेट (मूळ नाव: आंतोनियो झेवियर वाझ; जन्म: इ.स. १९१६, हळदोणे, गोवा. मृत्यू: मे, इ.स. १९६७) हे भारतीय ट्रम्पेटवादक, जॅझ वाद्यवृंदाचे प्रमुख, संगीत संयोजक आणि हिंदी चित्रपटांचे संगीतकार होते. इ.स. १९४० ते १९६० या दशकांतील मुंबईच्या जॅझ संगीतातील ते एक प्रमुख कलावंत मानले जातात. अमेरिकन ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांच्या वादनाचा व गायनाचा त्यांच्यावर गाढा प्रभाव होता. त्यामुळे त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हटले जात असे. मुंबईतील हॉटेलांच्या नृत्यगृहांत वाद्यवृंद चालवणाऱ्या या कलावंताने पुढे सी. रामचंद्र आणि मदनमोहन यांच्यासारख्या संगीतकारांबरोबर काम केले. हिंदी चित्रपटगीतांत जॅझ व लॅटिन अमेरिकन तालांचा जो रंग इ.स. १९५० च्या सुमारास उतरला, त्यामागील महत्त्वाच्या व्यक्तींमध्ये त्यांची गणना होते.

पार्श्वभूमी

चिक चॉकलेट यांचा जन्म झाला तेव्हा गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील चर्चच्या आश्रयाने पाश्चात्त्य संगीताच्या शिक्षणाची एक पद्धत गावोगावी रुजली होती. चर्चला जोडलेल्या शाळांमध्ये मुलांना पाच रेषांची पाश्चात्त्य स्वरलिपी वाचण्यास, समूहात गाण्यास आणि व्हायोलिनसारखी वाद्ये वाजवण्यास शिकवले जाई. शिकवणाऱ्या गुरूला 'मेस्त्री' म्हणत. या शिक्षणाचा मूळ हेतू धार्मिक होता. चर्चमधील प्रार्थनांसाठी गायक व वादक तयार व्हावेत, एवढीच त्यामागील अपेक्षा होती. परंतु त्यातून लिहिलेले संगीत पाहताक्षणी वाजवू शकणाऱ्या वादकांच्या अनेक पिढ्या निर्माण झाल्या.

गोव्यात या वादकांना पुरेसा रोजगार नव्हता. त्यामुळे एकोणिसाव्या शतकापासूनच गोव्यातील ख्रिस्ती तरुण ब्रिटिश हिंदुस्थानात कामासाठी जाऊ लागले. लष्करी व पोलिसी बँड, संस्थानिकांचे वाद्यवृंद, मूकपटांच्या वेळी पडद्याजवळ वाजवणारे संच, जहाजे आणि हॉटेले ही त्यांच्या रोजगाराची मुख्य ठिकाणे होती. मुंबईत धोबीतलाव, सोनापूर, कावेल या परिसरांत गोव्यातील गावांच्या नावाने चालणाऱ्या 'कूड' नावाच्या सामाईक निवासव्यवस्था होत्या. नव्याने मुंबईत आलेल्या वादकाला तेथे अल्प खर्चात राहता येई आणि गावच्या माणसांकरवी काम मिळे.

प्रारंभिक जीवन

आंतोनियो वाझ यांचा जन्म बार्देश तालुक्यातील हळदोणे (आल्दोना) या गावी झाला. मुलाने यंत्रकामाचे शिक्षण घेऊन मेकॅनिक व्हावे, अशी त्यांच्या आईची इच्छा होती. मात्र गावातील चर्चच्या शाळेत मिळालेल्या संगीतशिक्षणाने त्यांचा ओढा संगीताकडे वळवला. तरुण वयात त्यांनी ट्रम्पेट या वाद्यावर लक्ष केंद्रित केले आणि लुई आर्मस्ट्राँग यांना आदर्श मानले.

त्या काळी हॉटेलांत वाजवणाऱ्या गोव्यातील वादकांमध्ये इंग्रजी वळणाचे नाव धारण करण्याची प्रथा होती. फ्रँकलिन फर्नांडिस हे फ्रँक फर्नांड झाले, तर पुढच्या पिढीतील क्रिस्टोफर परेरा हे क्रिस पेरी या नावाने ओळखले गेले. हॉटेलात येणारा श्रोतृवर्ग प्रामुख्याने युरोपीय, अँग्लो-इंडियन, पारशी आणि उच्चभ्रू भारतीय असा होता. वाद्यवृंदाचे नाव त्याच्या कानाला ओळखीचे वाटावे, हा त्यामागील व्यावहारिक विचार असे. वाझ यांनी घेतलेले 'चिक चॉकलेट' हे नाव या प्रथेतले असले, तरी त्यातील खेळकरपणामुळे ते चटकन लक्षात राहत असे. पुढे हिंदी चित्रपटांच्या श्रेयनामावलीतही ते याच नावाने आले.

मुंबईतील जॅझचे आगमन

जॅझ संगीत ध्वनिमुद्रिकांच्या रूपाने मुंबईत विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पोहोचले होते. त्याला खरी चालना मिळाली ती आफ्रिकी-अमेरिकन वादक प्रत्यक्ष येथे आल्यामुळे. इ.स. १९३५ मध्ये व्हायोलिनवादक लिऑन ॲबी आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले. त्यांच्यानंतर ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांनी ताजमध्ये कार्यक्रम केले. वेदरफोर्ड पुढे कलकत्त्यात स्थायिक झाले आणि इ.स. १९४५ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

या पाहुण्या वादकांना आपल्या संचातील रिकाम्या जागा भरण्यासाठी स्थानिक वादकांची गरज भासे. स्वरलिपी वाचू शकणारे गोव्यातील वादक त्यासाठी सहज उपलब्ध होते. फ्रँक फर्नांड यांच्यासारख्या तरुणांना अशा संचांत वाजवण्याची संधी मिळाली. लिहिलेले संगीत वाचणे त्यांना येतच होते. मात्र जॅझमध्ये लिहिलेल्या स्वरांच्या पलीकडे जाऊन ऐनवेळी सुचेल तसा विस्तार करावा लागतो, तालाला विशिष्ट झोका द्यावा लागतो आणि वाद्यातून मानवी आवाजासारखे खरखरीत किंवा दबके स्वर काढावे लागतात. या गोष्टी ते अमेरिकन वादकांच्या शेजारी बसून शिकले. इ.स. १९३९ पासून मिकी कुरैया यांच्या वाद्यवृंदाने ताजमध्ये सुमारे दोन दशके वादन केले. अशा रीतीने दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास मुंबईत जॅझ वाजवणाऱ्या स्थानिक वादकांची एक सक्षम फळी तयार झाली होती. चिक चॉकलेट हे याच फळीतील होत.

वाद्यवृंदाची स्थापना

कारकिर्दीच्या आरंभी चिक चॉकलेट यांनी रंगून आणि मसुरी येथे वादन केले. ब्रिटिश काळात नृत्यसंगीताचा व्यवसाय ऋतुमानानुसार चाले. हिवाळ्यात मुंबई व कलकत्ता येथील हॉटेले गजबजलेली असत, तर उन्हाळ्यात अधिकारी व श्रीमंत कुटुंबे थंड हवेच्या ठिकाणी जात आणि वाद्यवृंदही त्यांच्यामागे जात. मसुरीसारख्या ठिकाणी रोज संध्याकाळी तासन् तास वाजवावे लागे. त्यातून वादकांचा सराव होई आणि संचाला शिस्त लागे.

इ.स. १९४५ मध्ये 'चिक अँड द म्युझिक मेकर्स' या त्यांच्या अकरा वादकांच्या वाद्यवृंदाने मुंबईतील ग्रीन्स हॉटेलात वादनास प्रारंभ केला. ग्रीन्स हॉटेल अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेलाच्या शेजारी होते. आज त्या जागी ताजची बहुमजली इमारत उभी आहे. ग्रीन्समधील करार मिळवण्यासाठी वाद्यवृंदांमध्ये स्पर्धा असे आणि तो मिळणे हे मानाचे समजले जाई. महायुद्धाच्या काळात मुंबईत दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांची मोठी वर्दळ होती. अमेरिकन व ब्रिटिश सैनिकांना आपल्या देशातील ताजी नृत्यगीते ऐकावयाची असत. त्यामुळे चांगल्या वाद्यवृंदांना मोठी मागणी निर्माण झाली होती.

चिक चॉकलेट यांच्या संचाने ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकाही केल्या. भारतात ध्वनिमुद्रित झालेल्या जॅझ संगीताच्या आरंभीच्या नमुन्यांत त्यांचा समावेश होतो. या संचाशी संबंधित असलेले सॅक्सोफोनवादक जॉनी गोम्स आणि ड्रमवादक लेस्ली गोदिन्हो हे दोघेही पुढे चित्रपटसंगीतात नावाजले.

वादनशैली

ट्रम्पेट हे पितळी फुंकवाद्य असून त्याला तीन कळी असतात. ओठांचा ताण, फुंकीचा जोर आणि कळींची दाब यांच्या मेळातून त्यावर स्वर निघतात. वाद्याच्या तोंडाशी निरनिराळ्या आकारांची झाकणे धरून स्वराचा पोत बदलता येतो. आर्मस्ट्राँग यांनी ट्रम्पेटला वाद्यवृंदाच्या गर्दीतून बाहेर काढून एकलवादनाचे प्रमुख वाद्य बनवले होते. त्याचबरोबर घोगऱ्या, खरखरीत आवाजात गाण्याची आणि निरर्थक अक्षरांनी सुरावट सजवण्याची त्यांची शैली जगभर लोकप्रिय झाली होती.

चिक चॉकलेट यांनी या दोन्ही गोष्टी आत्मसात केल्या. त्यांचे ट्रम्पेटवादन तेजस्वी व खुले होते आणि ते आर्मस्ट्राँग यांच्या धाटणीच्या घोगऱ्या आवाजात गातही असत. मंचावरील वावर, पोशाख आणि श्रोत्यांशी संवाद यांकडेही त्यांचे लक्ष असे. नृत्यगृहातील वाद्यवृंदप्रमुखाला केवळ चांगले वाजवून भागत नाही. नृत्य करणाऱ्या जोडप्यांचा कल ओळखून गीतांचा क्रम ठरवणे, ताल वेगवान करणे किंवा संथ करणे आणि संचातील प्रत्येक वादकाला योग्य वेळी पुढे आणणे हे त्याचे काम असते. चित्रपटसंगीतात त्यांना पुढे जे यश मिळाले, त्यात या अनुभवाचा मोठा वाटा होता.

त्यांच्या शैलीकडे केवळ अनुकरण म्हणून पाहणे पुरेसे ठरत नाही. लोकप्रिय अमेरिकन वादकासारखे वाजवणे ही हॉटेलच्या श्रोत्यांची अपेक्षाच होती. ती पूर्ण करीत असताना मिळवलेले तंत्र त्यांनी नंतर पूर्णपणे वेगळ्या भाषेतील, वेगळ्या रागदारीच्या आणि वेगळ्या श्रोतृवर्गाच्या संगीतात वापरले. त्यांचे स्वतंत्र योगदान या दुसऱ्या टप्प्यात दिसून येते.

स्वातंत्र्योत्तर बदल व दारूबंदी

इ.स. १९४७ नंतर मुंबईतील हॉटेल-संगीताचे स्वरूप झपाट्याने बदलले. युद्धकाळात आलेले सैनिक परत गेले होते आणि ब्रिटिश अधिकारी व व्यापारी मायदेशी परतू लागले होते. अँग्लो-इंडियन समाजातील अनेक कुटुंबांनीही देश सोडला. नृत्यगृहांचा हक्काचा श्रोतृवर्ग अशा रीतीने आटला.

त्यातच मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा इ.स. १९४९ मध्ये संमत झाला आणि इ.स. १९५० मध्ये संपूर्ण दारूबंदी अमलात आली. मद्य बाळगण्यासाठी व पिण्यासाठी परवाना आवश्यक ठरला. हॉटेलांना वाद्यवृंदाचा खर्च मद्यविक्रीच्या उत्पन्नातून भागवता येत असे. ते उत्पन्न घटल्यावर मोठे संच पोसणे अनेकांना परवडेनासे झाले. जॅझ पूर्णपणे बंद पडले नाही. ताजमधील वादन सुरू होते आणि पुढे चर्चगेट परिसरातील उपाहारगृहांत लहान संच वाजवू लागले. परंतु अकरा-बारा वादकांच्या वाद्यवृंदावर अनेक कुटुंबे चालावीत, अशी परिस्थिती राहिली नाही.

याच सुमारास मुंबईतील हिंदी चित्रपटव्यवसाय वाढत होता. फाळणीनंतर लाहोरहून अनेक निर्माते, संगीतकार व वादक मुंबईत आले. चित्रपटांतील गीतांची संख्या मोठी होती आणि गीतांसाठी लागणारा वाद्यमेळ दिवसेंदिवस विस्तारत होता. हॉटेलांतील वादकांना रोजगाराचे हे नवे दार उघडले. काही काळ अनेक जण दिवसा ध्वनिमुद्रणाला आणि रात्री हॉटेलात असे दुहेरी काम करीत. चिक चॉकलेट यांनीही हाच मार्ग स्वीकारला.

चित्रपटसंगीत

सी. रामचंद्र यांच्यासमवेत

चिक चॉकलेट यांचे चित्रपटसंगीतातील सर्वांत महत्त्वाचे काम संगीतकार सी. रामचंद्र यांच्यासमवेत झाले. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील पुणतांबे येथे जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर (इ.स. १९१८–१९८२) हे हिंदुस्थानी संगीताचे शिक्षण घेतलेले संगीतकार होते. त्याचबरोबर पाश्चात्त्य नृत्यसंगीताचे त्यांना विशेष आकर्षण होते. इ.स. १९४७ मधील 'शहनाई' या चित्रपटात त्यांनी हलक्याफुलक्या पाश्चात्त्य ढंगाचे गीत देऊन मोठी लोकप्रियता मिळवली होती. हा ढंग अधिक सफाईने वापरण्यासाठी त्यांना जॅझ व लॅटिन संगीत आतून जाणणाऱ्या वादकांची आवश्यकता होती.

इ.स. १९५१ मध्ये भगवान पालव अर्थात मास्टर भगवान यांनी निर्मिलेला व दिग्दर्शित केलेला 'अलबेला' हा चित्रपट प्रदर्शित झाला. नायकाची भूमिकाही भगवान यांनीच केली होती आणि गीता बाली नायिका होत्या. त्यातील गीते राजेंद्र कृष्ण यांनी लिहिली होती. या चित्रपटाच्या संगीतात ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन यांच्याबरोबर बोंगो व मराका यांसारखी लॅटिन अमेरिकन तालवाद्ये ठळकपणे ऐकू येतात. लता मंगेशकर आणि स्वतः सी. रामचंद्र यांनी गायिलेले 'शोला जो भडके' हे गीत याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. तालवादक कावस लॉर्ड यांनी लॅटिन तालवाद्ये हिंदी चित्रपटसंगीतात आणण्याच्या कामी मोठा वाटा उचलला. 'अलबेला'मध्ये चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. चित्रपटगीतांतील वादक सहसा प्रेक्षकांच्या नजरेआड राहत असल्यामुळे या दृश्याला आज ऐतिहासिक महत्त्व आहे.

'अलबेला'तील गीतांनी देशभर अमाप लोकप्रियता मिळवली. दादरच्या गिरणी कामगाराच्या घरातून आलेला नायक-दिग्दर्शक, नगर जिल्ह्यातील संगीतकार आणि बार्देशातील ट्रम्पेटवादक यांच्या सहयोगातून हे संगीत उभे राहिले होते. हॉटेलच्या नृत्यगृहात मोजक्या लोकांपुरते मर्यादित असलेले ताल या चित्रपटामुळे सामान्य प्रेक्षकापर्यंत पोहोचले.

संयोजकाचे कार्य

चित्रपटगीताच्या निर्मितीत संगीत संयोजकाची भूमिका कोणती असते, हे समजून घेतल्याशिवाय चिक चॉकलेट यांच्या कार्याचे मोल ध्यानात येत नाही. संगीतकार साधारणपणे हार्मोनियमवर गीताची चाल बांधत असे. ही चाल एकपदरी असे. तिच्या आधी येणारे प्रारंभसंगीत, दोन कडव्यांमधील वाद्यसंगीत, गायनामागे चालणारे पूरक स्वर आणि कोणत्या क्षणी कोणते वाद्य वाजेल याची आखणी हे सर्व त्यानंतर ठरवावे लागे. हिंदुस्थानी परंपरेतील वादक ऐकून व स्मरणात ठेवून वाजवीत, तर व्हायोलिन व फुंकवाद्यांचे समूह लिहिलेल्या स्वरलिपीवरून वाजवीत. या दोन पद्धतींना जोडणारा दुवा म्हणजे संयोजक.

गोव्यातील वादकांनी ही भूमिका मोठ्या प्रमाणावर पार पाडली. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सबेस्टियन डिसोझा यांनी, तर अन्य अनेक संगीतकारांसाठी अँथनी गोन्साल्विस व फ्रँक फर्नांड यांनी काम केले. सी. रामचंद्र यांच्याकडे चिक चॉकलेट यांच्याप्रमाणेच जॉनी गोम्स यांनीही साहाय्य केले. 'आशा' (इ.स. १९५७) या चित्रपटातील 'ईना मीना डीका' या गीतात गोव्यातील वादकांच्या सहवासाची छाप शब्दांपर्यंत पोहोचलेली दिसते. त्यात कोंकणी भाषेतील शब्द आले आहेत. चिक चॉकलेट यांनी संगीतकार मदनमोहन यांच्याकडेही साहाय्यक म्हणून काम केले. गझलसदृश संथ रचनांसाठी प्रसिद्ध असलेल्या मदनमोहन यांच्याबरोबरचे हे काम लक्षात घेता, त्यांची उपयुक्तता केवळ नृत्यगीतांपुरती नव्हती हे स्पष्ट होते.

स्वतंत्र संगीतकार

चिक चॉकलेट यांनी काही चित्रपटांना स्वतंत्रपणेही संगीत दिले. इ.स. १९५१ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'नादान' या चित्रपटात देव आनंद आणि मधुबाला यांच्या प्रमुख भूमिका होत्या. या चित्रपटातील तलत महमूद यांनी गायिलेले 'आ तेरी तस्वीर बना लूँ' हे गीत त्यांची सर्वांत परिचित रचना आहे. हे गीत संथ, हळुवार आणि तलत यांच्या कंपायमान आवाजाला साजेसे असून, त्यात नृत्यगृहातील ट्रम्पेटवादकाची अपेक्षित झगमग नाही. 'रंगीली' (इ.स. १९५२) आणि निसार बज्मी यांच्यासमवेत 'कर भला' (इ.स. १९५६) हे त्यांचे अन्य चित्रपट होत.

संगीतकार म्हणून त्यांना मोठे व्यावसायिक यश लाभले नाही. एकाच वर्षी प्रदर्शित झालेल्या 'अलबेला' आणि 'नादान' या दोन चित्रपटांकडे एकत्र पाहिल्यास त्यांच्या कारकिर्दीतील विसंगती दिसून येते. ज्या चित्रपटात ते दुसऱ्याच्या नावाखाली काम करीत होते, त्याचे संगीत देशभर गाजले, तर त्यांचे स्वतःचे नाव संगीतकार म्हणून असलेला चित्रपट मुख्यतः एका गीतामुळे स्मरणात राहिला.

श्रेयाचा प्रश्न

हिंदी चित्रपटांच्या त्या काळातील श्रेयनामावलीत संगीतकार, गीतकार आणि पुढे पार्श्वगायक यांची नावे येत. संयोजकाचे नाव आलेच तर साहाय्यक म्हणून येई आणि वादकांची नावे जवळजवळ कधीच येत नसत. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावरही हीच स्थिती होती. वादकांना प्रत्येक ध्वनिमुद्रणाचे ठरावीक मानधन मिळे, मात्र ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीतील वाटा मिळत नसे. परिणामी एखाद्या गीतातील प्रारंभीची ट्रम्पेटची लकेर कोणी रचली आणि कोणी वाजवली, याची लेखी नोंद बहुतेक वेळा उरली नाही.

चिक चॉकलेट यांनी कोणत्या गीतात नेमके किती काम केले, याविषयी अभ्यासकांमध्ये चर्चा होते ती यामुळेच. काहींच्या मते सी. रामचंद्र यांच्या पाश्चात्त्य धर्तीच्या गीतांचे बरेचसे श्रेय त्यांच्या गोव्यातील सहकाऱ्यांना जाते. दुसऱ्या मतानुसार चाल, शब्दांची फेक आणि गायनातील ढंग हा संगीतकाराचाच असून संयोजकाने त्याला वाद्यांचा पोशाख चढवला. गीताची निर्मिती सामूहिक असल्यामुळे या दोहोंतील सीमारेषा काटेकोरपणे आखणे कठीण आहे.

या संगीताला तत्कालीन सांस्कृतिक वादाचीही किनार होती. केंद्रीय नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या कार्यकाळात, इ.स. १९५२ पासून, आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. पाश्चात्त्य वाद्ये व ताल यांनी भारतीय संगीत बिघडते, हा त्यामागील एक आक्षेप होता. श्रोते मात्र रेडिओ सिलोनकडे वळले. अखेर इ.स. १९५७ मध्ये विविध भारती सुरू होऊन चित्रपटगीते आकाशवाणीवर परतली. ज्या वाद्यमेळाला परका मानले जात होते, तो तोवर श्रोत्यांच्या अंगवळणी पडला होता.

अखेरची वर्षे व मृत्यू

चित्रपटसंगीतात व्यग्र असतानाही चिक चॉकलेट यांनी जॅझवादन सोडले नाही. इ.स. १९५० व १९६० च्या दशकांत अनेक नामवंत अमेरिकन जॅझ कलावंत मुंबईत येऊन गेले. डेव्ह ब्रूबेक इ.स. १९५८ मध्ये आणि ड्यूक एलिंग्टन इ.स. १९६३ मध्ये येथे आले. इ.स. १९६४ मध्ये स्वतः लुई आर्मस्ट्राँग यांचाही मुंबईत कार्यक्रम झाला. दरम्यान इ.स. १९६१ मध्ये गोवा पोर्तुगीज राजवटीतून मुक्त झाला आणि मुंबईतील गोव्याच्या वादकांपैकी काही जण कोंकणी चित्रपटांकडे व गीतांकडे वळले. याच दशकात गिटारप्रधान बीट व रॉक संगीताचा प्रसार झाल्याने तरुण श्रोत्यांची आवडही बदलू लागली.

चेतन आनंद दिग्दर्शित 'आखरी खत' (इ.स. १९६६) या चित्रपटात चिक चॉकलेट पुन्हा एकदा पडद्यावर दिसले. खय्याम यांनी संगीतबद्ध केलेल्या आणि भूपिंदर सिंग यांनी गायिलेल्या एका गीताच्या दृश्यात ते ट्रम्पेट वाजवताना दिसतात. हे दृश्य रात्रीच्या नृत्यगृहातील आहे. त्यांच्या कारकिर्दीचा आरंभ ज्या वातावरणात झाला, त्याच वातावरणात पडद्यावरील त्यांचे हे अखेरच्या काळातील दर्शन घडते. मे, इ.स. १९६७ मध्ये, वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांचे निधन झाले.

वारसा

चिक चॉकलेट यांच्या निधनानंतर अनेक वर्षे त्यांचे नाव मुख्यतः गोव्यातील व मुंबईतील संगीतप्रेमींच्या आठवणींत राहिले. एकविसाव्या शतकात चित्रपटसंगीतातील वादक व संयोजकांच्या कार्याचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. ग्रेगरी बूथ यांचा 'बिहाइंड द कर्टन' (इ.स. २००८) हा मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांतील वादकांविषयीचा ग्रंथ आणि नरेश फर्नांडिस यांचा 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' हा मुंबईतील जॅझच्या इतिहासावरील ग्रंथ यांमुळे या पिढीची माहिती व्यापक वाचकवर्गापुढे आली. बार्द्रॉय बार्रेटो यांच्या 'नाचोंया कुंपासार' या कोंकणी चित्रपटाने मुंबईतील गोव्याच्या वादकांचे जग पडद्यावर आणले.

त्यांच्या संगीताचा प्रसार मात्र नावाशिवायच होत राहिला. 'अलबेला'तील गीते आजही रेडिओवर, वाद्यवृंदांच्या कार्यक्रमांत आणि स्नेहसंमेलनांत ऐकू येतात. मुंबई-पुण्यापासून थेट खानदेशातील नंदुरबार, तळोदा व अक्कलकुवा परिसरापर्यंत लग्नाच्या वरातीत हिंदी चित्रपटगीते वाजवणाऱ्या बँडपथकांत ट्रम्पेट हे आघाडीचे वाद्य आहे. लष्करी बँडमधून आलेल्या या वाद्याला चित्रपटगीतात स्थान मिळवून देणाऱ्या वादकांच्या पहिल्या पिढीत चिक चॉकलेट यांचा समावेश होतो. हॉटेलातील नृत्यसंगीत आणि सर्वसामान्यांचे चित्रपटगीत या परस्परांपासून दूर असलेल्या दोन जगांना जोडणारे कलावंत म्हणून भारतीय लोकप्रिय संगीताच्या इतिहासात त्यांचे स्थान महत्त्वाचे मानले जाते.